दोन दशांश माया

९ जानेवारी

ताई,

मी जिवंत आहे आणि हातीपायी धड आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी कुठल्या कुठे जाईन आणि नेमकं तेवढंच सांगायचं राहील.

फोन करत नाही, कारण तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी फोनवर मी थापा मारतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कागदावर लिहिताना निदान हात दुखतो, त्यामुळे खोटं जरा कमी बोललं जातं.

चौदा महिने काय केलं ते ऐक. दोन महिने बसगाड्यांना रंग दिला. महिनाभर एका ट्रकवाल्याबरोबर नुसता फिरलो. तो गाणी म्हणायचा आणि मी नकाशा उलटा धरायचो, दोघंही खूश. मग एका गोदामात, मग एका नर्सरीत, तिथे रोपांपेक्षा मीच जास्त पाणी प्यायलो असं माळी म्हणायचा. आणि आता चार महिने झाले, मी मधमाश्यांच्या पेट्या बनवतो. हसू नकोस. पेटी मी ठोकत नाही, मी ती कॉम्प्युटरवर काढतो आणि मशीन कापतं. म्हणजे तेच काम, आपल्या घरच्या कारखान्यातलं.

पेटीच्या फळ्यांना कडेला दात असतात, दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे. खिळा नाही, स्क्रू नाही. पण मशीनचं कटर गोल फिरतं ना, त्यामुळे आतला कोपरा कधीच चौकोनी निघत नाही, गोलच राहतो, आणि गोल कोपऱ्यात चौकोनी दात बसत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात कटरने अजून एक छोटा घास घ्यावा लागतो. दाजी त्याला उंदराचे कान म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी भराभर सगळ्या कोपऱ्यांना कान काढून दाखवले, तेव्हा इथल्या मालकीणबाईंनी विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हटलं, घरातल्यांनी.

बाई एका कानाने कमी ऐकतात, मशीनमुळे. ऐकायचं नसलं की तोच पुढे करतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या ड्रॉइंगचा तक्ता उघडला. तुला माहीत आहे तो, आकड्यांचा. त्यात एक आकडा बदलला की सगळे जोड आपोआप बदलतात. फळीची जाडी, कटरचा व्यास, आणि तिसऱ्या ओळीत मी सवयीने लिहिलं होतं : माया, दोन दशांश मिलिमीटर. बाईंना वाटलं कुणा मुलीचं नाव आहे. मग मी सांगितलं की माझी ताई कपडे शिवते, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, आणि आमच्या घरी लाकडाच्या जोडात जी केसाएवढी फट सोडायची तिलाही तेच नाव पडलं. कापडात माया जास्तीची, लाकडात कमी केलेली. बाई म्हणाल्या, तुमच्या घरात भाषेचं काही खरं नाही. पण शब्द त्यांनी ठेवला. आता इथे सगळेच माया म्हणतात.

हे सगळं का सांगतोय मी.

मागच्या आठवड्यात कारखान्याच्या नंबरवर फोन केला. कुणीतरी अनोळखी माणूस बोलला. म्हणाला मशीन आता त्याच्याकडे आहे. दाजी खाडीवर कुठे होड्यांच्या कामाला गेले, आणि तू वेगळी राहतेस, शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत. तुझा पत्ता त्यानेच दिला. मी त्याला दोनदा विचारलं, वेगळी म्हणजे? तो म्हणाला, वेगळी म्हणजे वेगळी, याला दुसरा काय अर्थ असतो.

मला वाटत होतं तुम्ही दोघं तिथेच असाल. रोज संध्याकाळी मला तसंच दिसायचं.

हात कसा आहे? अंगठा वळतो का?

तुझा,
भोवरा


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. सात शब्द. ‘हात तसाच. त्यांचं नाव पत्रात घेऊ नकोस.’

अक्षर बघून मला आधी कळलंच नाही कुणाचं आहे ते. मग कळलं, डाव्या हाताचं आहे. कार्ड मी दिवसभर खिशात ठेवलं आणि कामाच्या वेळी काढून टेबलावर ठेवलं आणि परत खिशात ठेवलं. बाई म्हणाल्या, लॉटरी लागली का? मी म्हटलं, बहिणीचं आहे.

आई गेल्यावर तू मला कापायच्या टेबलाखाली बसवायचीस, आठवतं? वरून चिंध्या पडायच्या आणि मी त्या रंगाप्रमाणे लावायचो. तुझी कात्री टेबलावरून चालायची तो आवाज मला खालून ऐकू यायचा, लांब, न थांबता. बाकीच्या शिवणाऱ्या बायका थांबत थांबत कापायच्या. तू एका दमात बाही कापायचीस. असू दे.

पण नाव घेऊ नकोस हे काही बरोबर नाही. चूक कुणाच्या हातून होत नाही? दाजींनी एवढी वर्षं एवढे जोड कापले, त्यातला एक सैल गेला. मी तर म्हणतो, त्या शब्दाचाच घोटाळा असेल. तू म्हणायचीस, माया भरपूर ठेवावी, पुढेमागे उसवून मोठं करता येतं. ते ऐकून ऐकून माणसाला वाटणारच की माया जास्त असली तर वाईट काही होत नाही. लाकडात उलटं असतं. जास्त माया म्हणजे जास्त फट. सैल जोडाला रोज थोडं थोडं हलायला मिळतं आणि हलून हलून खाच मोठी होते. घाईत कुणाच्याही लक्षात राहणार नाही. दाजींच्याही नसेल राहिलं.

आणि तो दिवसच तसा होता. म्हणजे माळ्याचा जिना जोडला तो दिवस, तू पडलीस तो नाही. त्या दिवशी चार वाजता नदीवरचा जुना पूल सुरुंग लावून पाडणार होते, तुला आठवत असेल, अख्खं गाव निघालं होतं. छपरांवर माणसं बसली होती. फुगेवाला आला होता. पूल पाडायला फुगे कशाला लागतात देव जाणे. मी एका पाण्याच्या टाकीवर चढून जागा धरली. पाच वाजले, सहा वाजले, आणि मग भोंग्यावरून सांगितलं की आज होणार नाही, तार कुठेतरी तुटली आहे. लोक चिडून घरी गेले. मी तिथेच बसून राहिलो. पूल तसाच उभा.

हे मी आपलं सहज लिहिलं. दुपारपर्यंत मी जिन्यापाशीच होतो.

तू त्यांच्यावर एवढी रागावू नकोस. एवढंच सांगायचं होतं. पुढच्या वेळी नाव घेणार नाही.

भोवरा


२० फेब्रुवारी

ताई,

नाव घेणार आहे. पत्र फाडायचं तर शेवटपर्यंत वाचून फाड.

काल एक गिऱ्हाईक पेटी परत घेऊन आला. जोड हलतोय म्हणाला. बाईंनी ती टेबलावर ठेवली आणि दातांच्या मधल्या रेघेवर नख फिरवलं. नखाखाली पिवळट चुरा आला. गोंद आणि भुसा. कुणीतरी सैल जोड भुश्याने बुजवून वरून पॉलिशपेपर मारला होता. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, ‘हे कुणी बुजवलं?’

आणि मी म्हटलं, ‘मी.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईंनी पेटी उलटी केली, तळाची तारीख वाचली, आणि म्हणाल्या, ‘अरे, तू तेव्हा इथे कामालाच नव्हतास.’

कुणीतरी हसलं. मला हसता येईना. मी बाहेर जाऊन फळ्यांच्या ढिगावर बसलो. थोड्या वेळाने बाई आल्या, ऐकू येणारा कान माझ्याकडे करून बसल्या. मी त्यांना सांगितलं. मग त्या म्हणाल्या, मला सांगून काय उपयोग.

आता सरळ लिहितो.

जिन्याचं ड्रॉइंग दाजींचं. पायऱ्यांच्या दोन्ही टोकांना जीभ, बाजूच्या फळ्यांना खाचा, माया दोन दशांश. त्यात कुठे चूक नव्हती. त्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, प्लायचा नवीन गठ्ठा जरा जाड वाटतोय. कॅलिपर घे, पाच ठिकाणी मोज, तक्त्यात जाडीचा आकडा बदल, एकच तुकडा कापून बघ. बसला तर बाकीचं काप. एवढं सांगून ते खिडक्यांच्या चौकटी पोचवायला गेले.

मी मोजलं नाही. तुकडा कापला, तो बसेना. चार वाजता पूल होता आणि टाकीवर जागा धरायची होती. जाडी मोजत बसण्यापेक्षा मी तिसऱ्या ओळीत गेलो आणि दोन दशांशच्या जागी दीड मिलिमीटर टाकलं. दीड. सगळे जोड एका क्षणात बदलले. मी कापून टाकलं, आणि पायऱ्या अंगठ्याने ढकलल्या तरी आत जायला लागल्या. जिभेच्या बाजूने नख जाईल एवढी फट दिसत होती. दुसरा गठ्ठा नव्हता. मग मी मशीनखालचा भुसा गोळा केला, गोंदात कालवला, सगळ्या फटी भरल्या, वाळल्यावर घासल्या. फार सुबक दिसत होतं, ताई. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला बरं वाटलं, हेही लिहितो.

शब्दाचा घोटाळा झाला असेल असं मागे लिहिलं, ती थाप. माया जास्त म्हणजे फट जास्त, हे मला पक्कं माहीत होतं.

दाजी परत आले. त्यांनी चौथ्या पायरीवर तळहाताने थाप मारली आणि विचारलं, ‘हातोडा लागला का बसवायला?’

मी म्हटलं, ‘लागला. हात भरून आले.’

हात भरून आले, हे वर माझ्या पदरचं. नुसतं लागला म्हटलं असतं तरी चाललं असतं.

तीन आठवड्यांनी तू खांद्यावर कापडाचा तागा घेऊन माळ्यावर चढलीस आणि तीच पायरी एका टोकाने निघाली. मी दारात होतो. तुझा उजवा हात कसा दुमडला ते मी बघितलं, तो आवाजही ऐकला.

आणि अजून एक आहे. हे बाईंना पण सांगितलं नाही.

दवाखान्यात, आत न्यायच्या आधी, तू बाकावर हात छातीशी धरून बसली होतीस. दाजी समोर उभे होते. निघायच्या आधी त्यांनी ती पायरी उचलून बघितली होती, म्हणून त्यांच्या बोटांत अजून काहीतरी होतं, ते चिमटीत चोळत होते. गोंदाचा आणि भुश्याचा चुरा. मी ओळखला. तू त्यांना विचारलंस, ‘तुम्ही स्वतः बघितलं होतं ना हो?’

ते माझ्याकडे बघायला लागले. रागाने नाही. मला गणित घातल्यावर बघायचे ना, की घे, विचार कर, मी थांबतो. तसे. थांबले ते, ताई. मला भरपूर वेळ दिला. मी कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाकडे बघत राहिलो. त्याच्या नळाला कुणीतरी दोरा बांधला होता. मग ते म्हणाले, ‘माझ्याकडून राहिलं.’

त्यानंतर आठ दिवस मी घरात होतो. रोज तू त्यांना विचारायचीस, असं कसं राहिलं, तुमच्याकडून? आणि ते भाकरीचा तुकडा मोडून तुझ्या डाव्या हाताशी ठेवायचे. नवव्या दिवशी मी काम शोधायला म्हणून निघालो.

हे पत्र त्यांना नेऊन दाखव. मग तुमचं नीट होईल. माझं काय करायचं ते नंतर दोघं मिळून ठरवा.

भोवरा


१८ मार्च

ताई,

तुझी चार पानं परवा आली. पाठपोट लिहिलेली. डबा तसाच राहिला, बाईंनी झाकून ठेवला.

तू पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी निघालीस हे वाचलं तेव्हा मी खरंच उठून उभा राहिलो. मला वाटलं, झालं. दोन बस बदलून तू खाडीवरच्या त्या होड्यांच्या शेडवर गेलीस, ते एका होडीच्या कडेची फळी घासत होते, तुला बघून त्यांनी आधी हात पुसले. पत्र त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि जशी घडी होती तशीच घालून तुला परत दिलं. म्हणाले, हे मला माहीत होतं. मग तू विचारलंस की मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, तुझा हात गेला होता, वर भाऊही जायला नको म्हणून.

आणि भाऊ आठ दिवसांत गेलाच. हे तू लिहिलं नाहीस, मीच लिहितो.

त्याच्या पुढचं मी इतक्यांदा वाचलं की आता पाठ आहे. तू म्हणालीस, ‘चला घरी.’

त्यांनी विचारलं, ‘हे पत्र कधी आलं?’

तू म्हणालीस, ‘काल.’

‘काल,’ ते म्हणाले. ‘म्हणजे परवापर्यंत तुला वाटत होतं, की मी तुला तसल्या जिन्यावर चढवलं. सव्वा वर्ष वाटत होतं.’ आणि मग, ‘परवा आली असतीस तर मी आलो असतो गं.’

पुढे तू लिहिलं आहेस की त्यांनी चहा आणला. तुझा अंगठा हातात घेऊन किती वळतो ते बघितलं, मलम कुठलं लावतेस ते विचारलं. बस येईपर्यंत उभे राहिले, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं तू लिहिलंस. माणूस भांडतो म्हणजे अजून काही मागत असतो. ते काही मागत नव्हते.

मला वाटत होतं मी खरं सांगितलं की सगळं जागच्या जागी जाऊन बसेल. मी एवढे महिने ते धरून ठेवलं होतं, जणू काही औषध माझ्याच खिशात आहे आणि मी फक्त भित्रा आहे म्हणून देत नाही. तुझ्या तिसऱ्या पानावरची ओळ वाचेपर्यंत मला कळलं नाही मी काय पाठवलं ते. ‘तुझं पत्र आलं नसतं तर मी त्यांच्यावर रागावून तरी दिवस काढले असते. आता राग कुणावर धरू? तुझ्यावर धरावा तर तू माझ्याच टेबलाखाली वाढलास. माझ्यावर धरावा तर तो संपतच नाही.’

ताई, तू स्वतःवर धरू नकोस. ज्याने बुजवलं त्याच्यावर धर. मी इथेच आहे, आता कुठे जात नाही. गेल्या आठवड्यात एक ट्रकवाला विचारत होता, येतोस का, खाली उताराच्या बाजूला चाललोय, नवीन रस्ता झालाय, डोंगराच्या पोटातून. मी नाही म्हटलं. यात काही मोठेपणा नाही. पाय निघेना, एवढंच.

तू म्हणतेस येऊ नकोस. येत नाही. तू म्हणतेस आता काही दिवस मला लिहू नकोस. हे शेवटचं, मग तू सांगेपर्यंत लिहिणार नाही. पुढच्या महिन्यात तुमच्या वेगळं होण्याच्या कागदांवर सह्या होणार आहेत आणि तू डाव्या हाताने सही गिरवते आहेस हेही वाचलं. त्यावर चारदा लिहिलं आणि चारदा खोडलं.

तू सांगितलंस की त्यांना एक पत्र लिही. काही मागू नकोस, माफीसुद्धा नको, नुसतं लिही. काल सुट्टी होती, सकाळपासून बसलो. जे तुला लिहिलं तेच सगळं त्यांना लिहिलं, कॅलिपरपासून पिंपापर्यंत, कुठेही न भरकटता. आणि नवव्या दिवशीचं पण. दोन पानं झाली. फक्त वरची ओळ कोरी आहे.

दाजी लिहिलं होतं आधी. मग तुमच्या कागदांचं आठवलं आणि पेन थांबलं. ते माझे दाजी आहेत ते तुझ्यामुळे. पुढच्या महिन्यानंतर कशामुळे? त्यांनी मला पेन्सिल धरण्यापासून सगळं शिकवलं, पण सर म्हणून मी त्यांना कधी हाक मारली नाही. काका म्हणावं एवढे ते मोठे नाहीत. आणि त्यांचं नाव माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही, तुझं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि त्याच दिवशी मला सांगितलं होतं की यांना दाजी म्हणायचं. दुसरं काही म्हणायची वेळच आली नाही.

उत्तर देणार नाहीस हे माहीत आहे. एवढ्या एकाच गोष्टीचं दे, एका शब्दाचं कार्ड टाक. त्यांना मी काय म्हणू?

भोवरा